गाडीचा शेवटचा डबा

इंजिनाला सगळेच हात जोडतात. नवी गाडी सुरू झाली की हार इंजिनाला, नारळ इंजिनासमोर आणि पेढा चालकाच्या हातावर! पण गाडीच्या अगदी शेवटी जो डबा असतो, त्याच्याकडे बघायला कोण थांबतं? फाटकाशी उभं राहून मालगाडीचे डबे मोजणारी पोरं तेवढी त्याची वाट बघतात. तो तांबडट, ठेंगणा डबा गेला, त्यातल्या माणसाने हात हलवला, की मोजणी संपली. फाटक उघडलं, आपण आपल्या वाटेला लागलो.

मैत्रिणींनो, आज त्या डब्याबद्दलच लिहायचं आहे. तोही रुळावर धावणारा खराखुरा डबा नव्हे, तर वीतभरसुद्धा लांब नसलेला, हाताने जोडलेला. हा कसला विषय, असं वाटेल तुम्हाला. मलाही आधी वाटलं होतं, की हा पुरुषांचा आणि पोरांचा खेळ. पण त्या एवढ्याशा डब्याने आमच्या घरातलं चाळीस वर्षांचं एक न बोललेलं बोलणं बाहेर काढलं, म्हणून लिहिते आहे.

लांजा शहराला रेल्वे लागत नाही. आमच्या तालुक्यातलं स्टेशन म्हणजे विलवडे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून वाहतुकीला खुला झाला आणि मुंबई आम्हाला जवळ आली. त्याआधी एसटी आणि घाट, एवढंच आमचं जग! १९९९ मध्ये तर याच मार्गावर माल भरलेले अख्खे ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. तेव्हा आम्ही बायका मुद्दाम मुलांना घेऊन ती गंमत बघायला गेलो होतो.

तर झालं असं, की माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. मे महिन्यात सुट्टीला आला, तेव्हा मुलांसाठी म्हणून एक खोका घेऊन आला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, बारीक तारा, पातळ कागदावरची अक्षरं आणि घडीचा माहितीकागद. खोक्यावर चित्र होतं लाल रंगाच्या डब्याचं. छपरावर मधोमध एक चौकोनी माडी, तिला चारी बाजूंनी खिडक्या! "मामी, हा कबूस. तिकडच्या मालगाडीचा शेवटचा डबा," भाचा म्हणाला.

कबूस हा शब्द मोठा मजेशीर आहे. मुळात जहाजाच्या डेकवरच्या स्वयंपाकघराला हे नाव होतं. तिथून ते रेल्वेत आलं. अमेरिकेतल्या मालगाड्या दिवसच्या दिवस चालायच्या. शेवटच्या डब्यात गाडीचा प्रमुख कंडक्टर आणि त्याचे मदतनीस राहायचे. आत शेगडी, झोपायची फळी, हिशोबाचं टेबल. म्हणजे चाकांवरचा एक छोटासा संसारच! छपरावरच्या माडीत बसून ते पुढची अख्खी गाडी न्याहाळायचे. कुठे आस तापून धूर निघतोय का, माल कलंडलाय का, यावर नजर ठेवायची. १९८० च्या दशकात तिकडे शेवटच्या डब्याच्या जागी एक छोटं यंत्र आलं. ब्रेकच्या नळीतला दाब ते इंजिनापर्यंत रेडिओने कळवतं. हळूहळू कबूस गेले आणि उरले ते संग्रहालयात, कुणाच्या बागेत आणि हौशी लोकांच्या टेबलावर.

ही हौस आपल्याकडे नाही असं मात्र समजू नका. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी उघडलं. म्हणजे आमच्या कोकण रेल्वेचंच ते जुळं भावंड म्हणायचं! एका दालनात अख्खं गावच वसवलेलं आहे. सिग्नल, पूल, रस्त्यावरचे दिवे, सर्कस, पोहण्याचा तलाव आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. मुलांना घेऊन गेलात तर मुलांपेक्षा त्यांचे बाबाच काचेला नाक लावून उभे दिसतील.

बरं, तो खोका घरात आला आणि दोन दिवस तसाच पडून राहिला. मुलांनी उघडला, बारीक भाग बघितले आणि मोबाइलकडे वळली. तिसऱ्या दिवशी आमच्या काकूंनी तो हातात घेतला.

काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. वय सत्तरीच्या पुढे. काका मालगाडीवर गार्ड होते. नोकरीची सगळी वर्षं जंक्शनच्या गावी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर दोघं आमच्या वाडीत परत आली. काका मुळातच कमी बोलणारे, निवृत्तीनंतर तर आणखी गप्प झाले. सकाळी पेपर, दुपारी पडवीत आरामखुर्ची, संध्याकाळी देवळापर्यंत फेरी. "नोकरीत असताना घरी नव्हते, आता घरी आहेत पण बोलत नाहीत. माझ्या दृष्टीने दोन्ही सारखंच गो," असं काकू हसत हसत म्हणायच्या. पण त्या हसण्यात काय असायचं ते बायकांना सांगायला नको.

काकूंनी खोका उघडला आणि त्यातला एक कठडा उचलून म्हणाल्या, "हे तर कुरडईच्या सोऱ्यातून पडल्यासारखं नाजूक आहे. करूया की आपण!"

आणि आम्ही बसलो. काकू, मी, शेजारची सून आणि तिची आठवीतली मुलगी. भाच्याने पहिल्याच दिवशी दोन-चार गोष्टी बजावल्या. त्या तुम्हालाही सांगते, कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडतील.

सुटे भाग एका चौकटीला देठांनी चिकटलेले असतात. ते पिळून तोडायचे नाहीत, नाहीतर भागाचा टवका निघतो. बारीक कातरीने किंवा नेलकटरने देठ कापायचा आणि उरलेलं टोक नखं घासायच्या कानशीने गुळगुळीत करायचं. गोंद लावण्याआधी प्रत्येक भाग नुसता बसवून बघायचा. शिवताना आपण आधी कच्चे टाके घालतो ना, तसंच. प्लॅस्टिकचा गोंद हा आपल्या फेव्हिकॉलसारखा चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक वितळवून सांधतो. म्हणून अगदी काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्यायचा, आणि खिडकी उघडी ठेवून बसायचं, कारण वास उग्र असतो. रंग जोडण्याआधी द्यायचा, आधी आतून, मग बाहेरून. छत लावल्यावर आत ब्रश जात नाही!

अक्षरांची गंमत तर मुलीला फारच आवडली. ती पातळ कागदावर छापलेली असतात. कापून पाण्यात भिजवायची, मिनिटभराने कागदावरून सुटायला लागतात, मग ब्रशने अलगद डब्यावर सरकवायची. शेवटी डब्याला वजन द्यायचं. हलका डबा रुळावरून उतरतो. तिकडच्या हौशी मंडळींनी त्याचं मापही ठरवून ठेवलं आहे. या आकाराच्या डब्याला एक औंस, आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आमचा डबा पाच इंचांचा, म्हणजे साडेतीन औंस, सुमारे शंभर ग्रॅम. त्यासाठी आम्ही तळाला आतून लोखंडी नट चिकटवले आणि किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून आणलं. तो बिचारा बघतच राहिला!

तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकू तारेचा कठडा बसवत होत्या. मागून आवाज आला, "तो दांडा तिथे नसतो. हात कुठून धरणार? चढताना डावा हात आधी जातो."

आम्ही सगळ्या वळून बघायला लागलो. काका उभे होते. चष्मा पुसत पुढे आले, माहितीकागद बघितला आणि म्हणाले, "ह्यांच्याकडे उजवीकडे आहे वाटतं. असू दे. पण आपला डबा असा नसतो." आणि मग, त्या पडवीत कितीतरी दिवसांनी, काका सलग पाच मिनिटं बोलले.

आपला डबा कसा असतो? लहान मुलांसारख्या आम्ही विचारत गेलो आणि ते सांगत गेले. आपल्याकडे त्याला ब्रेक व्हॅन म्हणतात. छपरावर माडीबिडी नाही. मधे बंद खोली, दोन्ही टोकांना उघडी गच्ची. आत बसायचं बाक, हाताने फिरवायच्या ब्रेकचं चाक, ब्रेकच्या नळीतला दाब दाखवणारं घड्याळ. गार्डची पेटी, तीत लाल आणि हिरवा बावटा, हातदिवा, प्रथमोपचाराचं सामान आणि रुळावर ठेवायचे फटाके. गाडी मधेच अडली किंवा तुटली, तर मागून येणाऱ्या गाडीला सावध करायला गार्डने मागे चालत जाऊन ते फटाके रुळावर लावायचे. अंधार असो, पाऊस असो. प्रत्येक स्टेशनातून जाताना हिरवा बावटा दाखवून सगळं ठीक आहे असं कळवायचं. शेवटच्या डब्यावर रात्री दिवा हवाच, कारण तो दिसला तरच स्टेशनमास्तरला खात्री पटते, की गाडी पूर्ण आली, मधे कुठे तुटून राहिली नाही.

"म्हणजे शेवटचा डबा आला तरच गाडी आली!" आठवीतली मुलगी म्हणाली.

"तेच तर," काका म्हणाले.

अमेरिकन कबूस पुरा झाला. शोकेसमध्ये ठेवलाही. पण काकूंच्या डोक्याने घेतलं होतं, की आता आपला डबा करायचा. तयार खोका कुठला मिळणार? तेव्हा पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि घरातलं सामान. गणपतीची आरासही त्याचीच करू असं ठरलं. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, त्यामुळे पुठ्ठ्याचं काम आम्हा बायकांच्या आता हातात बसलं आहे.

माप कसं काढायचं हा प्रश्न होता. भाच्याचा कबूस ८७ पट लहान होता. त्या मापाच्या गाड्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात, कारण तिकडचा खरा रूळ १४३५ मिलिमीटरचा. आपला रुंद रूळ मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्या हिशोबाने तो एकोणीस मिलिमीटर हवा. म्हणून परदेशी रुळावर आपला डबा उभा केला, की मोठ्या माणसाने लहान मुलाची चप्पल घातल्यासारखा दिसतो!

मिलिमीटरच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. शिवणकामाची टेप घेतली आणि ठरवलं, एक फूट म्हणजे अर्धा इंच. १६७६ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेपाच फूट, आपल्या घरातल्या पुरुषमाणसाची उंची! अर्ध्या इंचाच्या हिशोबाने रूळ पावणेतीन इंचांवर आले. सहा फुटी दार तीन इंचांचं झालं. आणि डब्यात बसवायचा पुठ्ठ्याचा गार्डही पावणेतीन इंचांचा, कारण काका साडेपाच फूट!

लग्नपत्रिकांचे जाड कागद भिंतींना लागले. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा तळाला. कठड्यांना माडाच्या झावळीचे हीर, तासून सरळ केलेले. खिडक्यांना टिकल्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक. ब्रेकच्या चाकाला काळं बटण. रंग काव आणि थोडा काळा मिसळून केला. आणि सगळ्यात सुरेख दिसलं ते शेवटचं काम. तिकडे नवा कोरा डबा वापरलेला दिसावा म्हणून खडूची पूड घासतात. छपराला काजळी, चाकांजवळ गंज, कडांना धूळ. आम्ही जांभ्या दगडाची वस्त्रगाळ पूड घेतली आणि कापसाने हलकेच फिरवली. कोकणातून गाडी जाते ती जांभ्याच्या खोदाईतून, तेव्हा धूळही आपलीच हवी की नाही?

काका रोज दुपारी येऊन बसायला लागले. आरामखुर्ची पडवीतून माजघरात आली. बाक एवढं रुंद नव्हतं, जरा कमी कर. खुंटी इथे, तिला डब्याची पिशवी अडकवायची. कंदील इकडे. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख होतं.

आत सगळं लावून झालं. छत चिकटवायच्या आधी काकूंनी तो डबा दोन्ही हातांत धरला, वरून आत बघितलं आणि म्हणाल्या, "सगळं झालं हो. पण ह्यात संडास कुठे दाखवायचा?"

काका काही बोलले नाहीत.

"अहो, विचारत्ये मी. कुठल्या कोपऱ्यात?"

"नव्हता," काका म्हणाले.

काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे?"

"नव्हताच. आमच्या वेळच्या चारचाकी डब्यात संडास नव्हता, की दिवा नव्हता, की पंखा. कंदील आपला आपण न्यायचा."

"आणि मग रात्र रात्र गाडी सायडिंगला पडायची तेव्हा?"

"तेव्हा काय... खाली उतरायचं, अंधारात. पण गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. सुटली तर धावत पकडायची. म्हणून पाणीच प्यायचं नाही. तू ताकाची बाटली द्यायचीस ना, ती मी यार्डात ओतून टाकायचो."

मैत्रिणींनो, त्या माजघरात एकदम शांत झालं. काकांना दोनदा मुतखड्याचा त्रास झाला होता. एकदा तर इस्पितळात ठेवावं लागलं होतं. काकू आयुष्यभर त्या जंक्शनच्या गावच्या जड पाण्याला बोल लावत आल्या. आणि त्यावर उपाय म्हणून रोज न चुकता ताकाची बाटली भरून देत आल्या! उन्हाळ्यात पहाटे उठून, कधी शेजारणीकडून विरजण मागून आणून. ते ताक यार्डातल्या खडीवर सांडत होतं.

"एकदा बोलायचंत तरी," काकू म्हणाल्या.

"काय बोलणार? घरी येऊन बायकोला हे सांगायचं? सगळेच तसे जायचे."

काकू उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता डबा तसाच राहणार. पण चहा घेऊन परत आल्या. काकांपुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "मग आपल्या डब्यात करूया. तो कोपरा रिकामाच आहे. एक आडोसा घालत्ये."

"नको," काका म्हणाले. "जे नव्हतं ते कशाला दाखवायचं? खोटं होईल."

काकूंनी थोडा विचार केला. "खरं आहे तुमचं. नव्हता तर नको. पण मग छतही चिकटवायचं नाही. उचलून बघता यायला हवं. लोकांना दिसू दे काय नव्हतं ते."

आणि तसंच केलं. आमच्या गणपतीपुढे तो डबा ठेवला होता, छत उचलता येईल असा. बाजूला मुलीने सुवाच्य अक्षरांत पाटी लिहिली. या डब्यात काय काय आहे त्याची यादी आणि शेवटची ओळ, काय नाही त्याची. आरतीला आलेले चाकरमानी छत उचलून बघायचे आणि मग त्यांच्यातल्या रेल्वेवाल्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. काकांना कधी नव्हे ते पाच दिवस बोलून बोलून घसा बसला!

त्यातच एक मुलगी आली. बी. ए. झालेली, रेल्वेच्या परीक्षेची तयारी करणारी. तिने सरळ विचारलं, "आजोबा, आताही असंच आहे का? मी याच पदाचा फॉर्म भरलाय."

तिला जे सांगितलं ते इथेही सांगते. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं. आठ चाकांचे, शौचालय आणि दिव्यांची सोय असलेले ब्रेक व्हॅनही आले आहेत. पण जुन्या चारचाकी डब्यांत वर्षानुवर्षं माणसांनी नोकऱ्या केल्या, आणि इंजिनांची कथाही वेगळी नव्हती. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्या नोकरीत आल्या, मालगाड्या चालवल्या, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हाराफुलांचे फोटो आपण पेपरात बघितले. पण त्या सगळ्या वर्षांत शौचालय नसलेल्या इंजिनात बाईने काय केलं असेल, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींच्या मनात आला?

रेल्वेतल्या शौचालयाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. फणस खाऊन पोट फुगलं, म्हणून अहमदपूर स्टेशनवर ते उतरले. तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली! एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर, असे धावताना फलाटावर पडले आणि गाडी निघून गेली. त्या गार्डला दंड करा, अशी त्यांची मागणी होती. प्रवाशांच्या डब्यांत शौचालयं आली ती त्या पत्रानंतर, असं सांगतात. ते पत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे. आमचा लांजा म्हणजे फणसाचा मुलूख, त्यामुळे आमच्याकडे हा किस्सा हमखास हशा पिकवतो. मी तो काकांना सांगितला. तेही हसले. मग म्हणाले, "पण त्या गार्डला तरी कुठे होती सोय?"

बघा, शंभर वर्षांहून जास्त काळ आपण तो किस्सा प्रवाशाच्या बाजूने हसत सांगतो आहोत. शिट्टी वाजवणाऱ्याच्या बाजूने कुणी तो ऐकलाच नाही.

सोय ही मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ती मागायला कुणाच्या तरी ध्यानात यावी लागते. आमच्या शेजारच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते १९७७ ते ७९ मध्ये रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या काळात. रात्रभर फळीवर पाठ टेकणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी केला, म्हणून ती आली.

गणपतीनंतर बचत गटाच्या बैठकीला मी तो डबा घेऊन गेले. छत उचललं, काकांची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "एसटीने रत्नागिरीला किंवा मुंबईला जायचं असेल तर निघण्याआधी पाणी न पिणाऱ्या किती जणी आहेत?" एकमेकींकडे बघत बघत सगळ्यांचे हात वर गेले! अंगणवाडीताईंचा, आरोग्यसेविकेचा, बाजारात काजू विकायला बसणाऱ्या मावशींचा. सकाळी सातला घर सोडायचं आणि दुपारी घरी येईपर्यंत घोटभर पाणी नाही. लघवीची जळजळ, पोटात दुखणं, ताप. डॉक्टरने विचारलं तरी खरं कारण सांगायचं नाही, घरी तर नाहीच नाही. काकांनी लपवलं तेच आपणही लपवतो आहोत. त्यांना गाडी सुटायची भीती, आपल्याला लाज.

त्या बैठकीत आम्ही एक यादी केली. बाजार, थांबे, सरकारी कचेऱ्या, जिथे जिथे बायकांना दोन तासांहून जास्त वेळ थांबावं लागतं अशा जागा. प्रत्येकीपुढे तीन रकाने. शौचालय आहे का? असेल तर उघडं असतं का? आत पाणी आणि कडी आहे का? प्रत्येक जागा दोघींनी स्वतः जाऊन बघायची. एके ठिकाणी कुलूप होतं आणि किल्ली शोधायलाच अर्धा तास लागला. यादी पुरी झाली, पंचेचाळीस जणींच्या सह्या झाल्या आणि अर्ज दिला. पोचपावती घेतली आहे. एका जागेचं कुलूप निघालं, तिथे आता किल्ली समोरच्या दुकानात ठेवलेली असते. बाकीच्या जागांसाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघी जणी चौकशीला जातात. पाळ्या लावून दिल्या आहेत, ताक भरून देण्याइतक्याच नेमाने!

तुम्हाला हा छंद करून बघायचा असेल तर फार खर्च नाही. परदेशी खोका हवाच असं अजिबात नाही. पुठ्ठा, टेप, कातर आणि अर्धा इंच म्हणजे एक फूट एवढा हिशोब पुरे. मुलांच्या हाती ब्लेड देऊ नका, कापायचं काम मोठ्यांनी करायचं. रेल्वेचाच डबा करायला हवा असंही नाही. नवरा एसटीत वाहक असेल तर एसटी करा, भाऊ बोटीवर असेल तर बोटीची केबिन करा. सासूबाई ज्या घरात नांदायला आल्या त्या घराचं जुनं माजघर करा. फक्त एक अट पाळा. ज्याने तिथे आयुष्य काढलं त्याला शेजारी बसवा आणि त्याच्या सांगण्यावरून करा. बाक कुठे होतं, उजेड कुठून यायचा, पाणी कुठे ठेवायचात, हे विचारा. समोर बसवून "कसे होते हो दिवस?" असं विचारलं तर माणूस "बरे होते" म्हणून मोकळा होतो. हातात काम असलं, नजर पुठ्ठ्यावर असली, की जीभ सैल होते. कुरडया घालताना, वाती वळताना आपण बायका एकमेकींशी मन मोकळं करतोच की. पुरुषांना ती सवय नाही, एवढंच.

आपल्याकडेही आता शेवटच्या डब्याच्या जागी यंत्र लावून बघण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. उद्या कदाचित मालगाडीच्या मागे तो डबा दिसणारही नाही. कुणाची नोकरी कशी बदलेल ते बदलेल. पण त्या डब्यांतून ज्यांनी रात्री काढल्या ती माणसं अजून आपल्या पडव्यांमध्ये बसलेली आहेत, आणि त्यांचे डबे भरून देणाऱ्या बायका आत चहा करताहेत.

आमच्या काकू परवा सांगत होत्या, पुढच्या वर्षी रेल्वेचं क्वार्टर करायचं. दीड खोली, सामाईक नळ, आणि रात्री गाडीच्या शिट्टीला जागं होणारं घर. "आता माप मी सांगणार," असं काकांना बजावून ठेवलं आहे. काका टेप शोधून ठेवतो म्हणाले आहेत.